मेथ सोडून सहा आठवडे झाले, तरी माणूस दगडासारखा का बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ तीन वर्षं मेथॲम्फेटामाइन ओढत होता, म्हणजे ज्याला मेथ, क्रिस्टल किंवा आइस म्हणतात ते. सोडून सहा आठवडे झाले. पहिला आठवडा नुसता झोपला, मग दोन-तीन आठवडे बरा वाटला, आता पुन्हा गप्प बसून असतो. आवडीचं गाणं लावलं तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मेंदू कायमचा गेला का, असा त्याच्या बहिणीचा प्रश्न आहे.

गेलेला नाही. आत्ता दिसते ती मरगळ याच सुमाराला येते आणि तिला ठोस कारण आहे. पण घरच्यांना आणि खुद्द भावालाही ते कारण कळलं नाही, तर 'आता मी असाच राहणार' या समजुतीने तो पुन्हा पाइप हातात घेईल, ही खरी भीती. म्हणून आधी मेंदूत काय होतं ते नीट पाहू, औषधोपचाराकडे नंतर येऊ.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. डोपामिनचं मोठं काम म्हणजे अनुभवावर शेरा मारणं: हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर. मध्यमेंदूतल्या मोजक्या काही लाख पेशी हे काम करतात. त्यांचे तंतू स्ट्रायटम या खोलातल्या भागात आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात पसरलेले असतात. अंथरुणातून उठावंसं वाटणं, भूक लागल्यावर ताटाकडे हात जाणं, अर्धवट काम पुरं करावंसं वाटणं या सगळ्यामागे हीच यंत्रणा असते.

आता त्या तंतूच्या टोकाशी जाऊन बघू. पेशी डोपामिन तयार करते आणि चिमुकल्या पिशव्यांमध्ये, म्हणजे पुटिकांमध्ये, भरून ठेवते. पुटिकेच्या आत आम्लता जास्त असते, पीएच साधारण ५.५, बाहेरच्या पेशीद्रवात तो ७ च्या थोडा वर. या फरकाच्या जोरावरच पुटिकेच्या भिंतीतला पंप, ज्याला व्हीमॅट-२ म्हणतात, डोपामिन आत ओढून धरतो. संदेश आला की थोड्या पुटिका दोन पेशींमधल्या फटीत रिकाम्या होतात, डोपामिन पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते झेलणाऱ्या प्रथिनावर, बसतं, आणि लगेच डॅट नावाचा दुसरा पंप ते गोळा करून पुन्हा पेशीत आणतो. सांडलं, काम झालं, उचललं. निरोगी मेंदूत हे अष्टौप्रहर चालू असतं, आणि सांडण्याचं प्रमाण मोजकं असतं.

मेथचा रेणू डोपामिनसारखा दिसतो, त्यामुळे डॅट त्याला आपला समजून आत घेतो. तो स्निग्ध पदार्थात विरघळणारा असल्याने पेशीच्या आवरणातून थेटही घुसतो. ॲम्फेटामाइनपेक्षा त्यात एक मिथाइल गट जास्त असतो, आणि तेवढ्याने तो मेंदूत अधिक सहज पोचतो. ओढलेला धूर फुप्फुसांतून मेंदूपर्यंत जायला काही सेकंदच लागतात. आत शिरल्यावर तो सौम्य अल्कलीसारखा वागतो: पुटिकेतली आम्लता मारतो आणि व्हीमॅट-२ पंपही उलटवतो. भरून ठेवलेलं डोपामिन पेशीद्रवात गळू लागतं. त्याच वेळी डॅट उलटा फिरतो, म्हणजे बाहेरचं आत आणण्याऐवजी आतलं बाहेर फेकतो. उरलंसुरलं डोपामिन मोडून टाकणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइमही मेथमुळे थोडं थंडावतं.

कोकेन आणि मेथ यांतला फरक इथेच आहे. कोकेन डॅटच्या तोंडाशी बूच मारतं, पण डोपामिन सुटण्यासाठी पेशीला संदेश यावाच लागतो. मेथला त्या संदेशाची गरजच उरत नाही. उंदरांच्या मेंदूत बारीक नळी घालून मोजलं, तेव्हा खाण्याने डोपामिन मूळ पातळीच्या दीडपट आणि समागमाने दुपटीच्या आसपास गेलं. कोकेनने ते तीन-चार पट झालं, तर ॲम्फेटामाइन गटाच्या मोठ्या मात्रेने दहा पटींच्या घरात पोचलं. आकडे मात्रेनुसार बदलतात, पण एवढी उसळी निसर्गातला कोणताही अनुभव देत नाही. मेंदू त्यावर जो शेरा मारतो तो त्याच मापाचा असतो, आणि पाइप, लायटर, ती खोली, तो मित्र, पगाराचा दिवस या सगळ्यांवर तो उमटतो. वर्षभराने नुसता लायटर दिसला तरी तलफ उसळते ती यामुळे. त्याला कमकुवत मन म्हणणं चुकीचं आहे. हा पक्का शिकलेला धडा असतो.

अर्धायुष्याचं, म्हणजे शरीरातला पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाचं, गणितही समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक बिघाड तिथे सुरू होतो. कोकेनचं अर्धायुष्य तासाभराच्या आसपास असतं, मेथचं साधारण १० ते १२ तास. पण मेथची झिंग त्याच्या बरीच आधी ओसरते, कारण पुटिका रिकाम्या झालेल्या असतात आणि रिसेप्टर दबलेले असतात. रक्तात मेथ भरपूर, पण वाटतं काहीच नाही. मग माणूस पुन्हा ओढतो. समजा दर चार तासांनी सारखाच एक डोस याप्रमाणे वीस तासांत सहा डोस झाले. अर्धायुष्य १२ तास धरलं, तर सहावा डोस घेतला त्या क्षणी शरीरात साडेतीन डोसांहून जास्त मेथ साठलेलं असतं. वाटणारा अंमल मात्र पहिल्या डोसाइतकाही नसतो. झोप नाही, अन्न नाही, नाडी आणि रक्तदाब चढेच. दोन-तीन दिवस असं चाललं की संशय, भास आणि ताप याच साठ्यातून निघतात.

पेशीद्रवात मोकळं पडलेलं डोपामिन पेशीला विषासारखं असतं. पुटिकेच्या आम्लात ते टिकून राहतं. बाहेर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन आणि मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल) अशी हानिकारक रसायनं बनतात. ते तंतूच्या टोकातली प्रथिनं आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया जाळत सुटतात. त्यात ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारं रसायन वाढतं, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी खवळतात, आणि सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे तंतूही यात भरडले जातात. यात तापमानाचा वाटा फार मोठा आहे. प्राण्यांना गार खोलीत ठेवून तोच डोस दिला तर इजा बरीच कमी होते, गरम खोलीत वाढते. मेथ घेऊन बंद, उकाड्याच्या जागी रात्रभर नाचणं इतकं घातक का, ते यावरून कळावं.

मग माणसाच्या मेंदूत नेमकं काय गमावलं जातं? १९९६ मध्ये मेथ घेणाऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासून एक महत्त्वाचं काम प्रसिद्ध झालं. त्यात स्ट्रायटममधलं डोपामिन निम्म्याच्या आसपास घसरलेलं होतं आणि डॅटही कमी झाला होता. पण व्हीमॅट आणि डोपामिन बनवणारं डोपा डिकार्बोक्सिलेज हे एन्झाइम मात्र जवळपास शाबूत होतं. तंतूच मरून गेले असते तर या दोन्ही गोष्टीही गेल्या असत्या. म्हणजे तंतू थकले होते, माल संपला होता, पंपांची संख्या घटली होती; बहुतेक तंतू जागेवरच होते. 'मेथने मेंदूला भोकं पडतात' ही चित्रं भीती घालायला वापरली जातात. त्या रंगीत स्कॅनमधला काळा ठिपका म्हणजे कमी रक्तप्रवाह किंवा कमी क्रिया. तिथे पोकळी नसते. व्यसनी माणसाला अशी चित्रं दाखवून आशा मारू नये.

जिवंत माणसांवरचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूतली रसायनं आणि क्रिया दाखवणाऱ्या चाचण्या, याच दिशेला बोट दाखवतात. सोडून थोडे दिवस झालेल्यांत स्ट्रायटममधला डॅट निरोगी माणसांपेक्षा पाव भागाच्या आसपास कमी आढळला, आणि जितका कमी तितकी हालचाल मंद व शब्द आठवायला जड. २००१ मधल्या एका अभ्यासात तीच माणसं १२ ते १७ महिने दूर राहिल्यावर पुन्हा तपासली, तर स्ट्रायटमच्या दोन भागांपैकी कॉडेटमध्ये डॅट १९ टक्के आणि प्युटामेनमध्ये १६ टक्के वाढला होता. अभ्यास छोटा, फक्त पाच जणांचा. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा दिसली नाही, हेही सांगितलंच पाहिजे. पंप आधी परततात, कामाची सफाई मागाहून येते. डोपामिन झेलणारे डी-२ नावाचे रिसेप्टरही कमी झालेले असतात, आणि ते कमी असतील तर डोळ्यांच्या वरच्या भागातली, म्हणजे निर्णय आणि लगाम सांभाळणाऱ्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समधली क्रियाही मंदावते.

आता भावाकडे वळू. फटीत येणारं डोपामिन कमी, ते झेलणारे डी-२ रिसेप्टर कमी, आणि समोर साधं गाणं. मेंदूला ते गाणं ऐकू येतं, त्यावर शेरा मात्र बसत नाही. याला सुखशून्यता म्हणतात. डोळ्यांत पाणी, अपराधीपणा असं नैराश्य वेगळं. इथे सपाटपणा असतो. 'बरं वाटतंय का' यापेक्षा 'कशात काही वाटतंय का' असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

या व्यसनासाठी वापरला जाणारा मॅट्रिक्स नावाचा १६ आठवड्यांचा उपचारक्रम कालखंड असे मांडतो: पहिले १५ दिवस माघारीचे (नशा थांबल्यावर शरीर-मनाला होणाऱ्या त्रासाचे), १६ ते ४५ दिवस तात्पुरत्या उभारीचे, ४६ ते १२० दिवस 'भिंतीचे' (मरगळीने वाट अडल्यासारखे), तिथून १८० दिवसांपर्यंत जुळवून घेण्याचे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. तुमचा भाऊ भिंतीशी येऊन ठेपला आहे. मधले बरे गेलेले आठवडे खोटे नव्हते, आणि आत्ताची घसरण म्हणजे मेंदू आणखी बिघडला असंही नाही. कॅलेंडरवर १२० वा दिवस ठळक खूण करून भिंतीला लावा. 'हे कधीतरी जाईल' याला काही अर्थ उरत नाही. तारीख दिसली की माणूस तग धरतो. कोणाला दोन आठवडे कमी लागतील, कोणाला दोन महिने जास्त.

माघारीबद्दल दोन ओळी. शेवटच्या डोसानंतर पहिल्या २४ तासांत त्रास सर्वांत जास्त असतो आणि आठवडा संपेपर्यंत बराच उतरतो: अतिझोप, प्रचंड भूक, चिडचिड, उदासी. दारूच्या माघारीसारखे झटके यात सहसा येत नाहीत. आत्महत्येचा विचार मात्र येऊ शकतो, आणि तो पहिल्या दिवसांत तसाच भिंतीच्या काळातही येतो. थेट विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो.

उपचारांकडे येऊ. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बक्षीस-पद्धतीचा. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी. स्वच्छ आली की तिथल्या तिथे लहानसं बक्षीस. सलग स्वच्छ येत गेली की रक्कम वाढत जाते. एक चुकली की पुन्हा पहिल्या पायरीवर. क्रम बहुधा १२ आठवड्यांचा. लोकांना ही लाच वाटते. पण वरचं सगळं लक्षात घेतलं तर ही पद्धत का चालते ते उघड आहे: या मेंदूला सहा महिन्यांनंतरचा फायदा दिसतच नाही, हातात पडलेलं तेवढंच दिसतं. म्हणून बक्षीस लहान चालेल, उशिरा चालणार नाही. 'महिनाभर राहिलास तर फोन घेऊन देईन' हे घरगुती आमिष फसतं ते इथे. सोबत वर्तनोपचार हवा, आणि त्यात मुख्य काम असतं खुणा ओळखून त्या वाटेवरून काढण्याचं: जुने क्रमांक पुसणं, पाइप-लायटर घरातून बाहेर काढणं, पगार काही काळ दुसऱ्याच्या हाती देणं.

गोळी देऊन मेथ सुटेल असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. २०२१ मध्ये ४०३ जणांवर झालेल्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी ३८० मिलिग्रॅम नॅलट्रेक्सोनचं (अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं औषध) इंजेक्शन आणि रोज ४५० मिलिग्रॅम ब्युप्रोपियॉन (नैराश्यावरचं औषध) दिलं. ठरवलेल्या निकषावर १३.६ टक्के उतरले. नकली औषध घेणाऱ्यांत २.५ टक्के. फरक खरा आहे, पण तोकडा. ब्युप्रोपियॉनने झटक्यांचा धोका वाढतो, आणि अफूजन्य औषध चालू असलेल्याला नॅलट्रेक्सोन दिलं तर जोरदार माघार उसळते, त्यामुळे हे मनाने सुरू करण्याचं काम नाही. एक बारीक पण घरात भांडण लावणारी गोष्ट: ब्युप्रोपियॉन आणि सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन यांमुळे लघवीची झटपट पट्टी ॲम्फेटामाइनसाठी खोटी 'होकारार्थी' येऊ शकते. आरोप करण्याआधी गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या अचूक तपासणीने खात्री करून घ्या. मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं, म्हणून आठवड्याला एकच तपासणी अपुरी पडते.

व्यायामाला मी नुसता 'चांगला' म्हणून सोडून देणार नाही. सोडलेल्या लोकांच्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यात तीनदा, तासभर देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, तेव्हा स्ट्रायटममधले डी-२ गटाचे रिसेप्टर सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. भिंतीच्या काळात तो स्वतःहून उठणार नाही, कारण उठवणारी यंत्रणाच थकलेली आहे. इच्छा होण्याची वाट पाहू नका. वेळ ठरवा, बूट दाराशी ठेवा, सोबत चाला. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटं पुष्कळ झाली. गाणं लावणंही सोडू नका. आज शेरा बसत नाही, पण बसण्याची जागा तीच आहे.

लक्षविकारासाठी (एडीएचडी) दिली जाणारी औषधं याच कुळातली असतात, मग ती मेंदू का नाही जाळत, असाही प्रश्न नेहमी येतो. उत्तर मात्रा आणि वेग या दोहोंत आहे. गोळी पोटातून सावकाश चढते, डोपामिन हळू आणि थोडं वाढतं, दिवसाच्या अखेरीस उतरतं. सेकंदांत मेंदूत पोचणारा धूर, तोही अनेक पटींच्या मात्रेत आणि दिवसरात्र, हा मामला निराळा. तरीही पूर्वी व्यसन असलेल्याला अशी गोळी तज्ज्ञाच्या नजरेखालीच द्यावी.

संशय आणि भास यांबद्दल सावध राहा. 'माझ्यावर पाळत आहे', 'भिंतीतून आवाज येतात', त्वचेखाली किडे फिरतात म्हणून खाजवून केलेल्या जखमा हे मेथचं ठरलेलं चित्र आहे. सोडल्यावर आणि झोप मिळाल्यावर बहुतेकांचं काही दिवसांत ते निवळतं. महिना उलटूनही टिकलं, तर स्किझोफ्रेनियासारखा मूळ आजार आहे का ते मानसोपचारतज्ज्ञाने पाहायलाच हवं. एकदा असं झालेल्याचा मेंदू संवेदनशील होऊन बसतो: पुढे छोट्या डोसाने, कधी तर नुसत्या जागरणाने आणि ताणानेही ते परत येतं. म्हणून भावाच्या झोपेची वही ठेवा. दोन रात्री सलग चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा, आवाज ऐकू येईपर्यंत थांबू नका.

पुढे वयात पार्किन्सन होईल का, या भीतीलाही उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारित मोठ्या अभ्यासांत धोका इतरांच्या पावणेदोन ते तिप्पट आढळला आहे. पार्किन्सन मुळात कमी लोकांना होतो, त्यामुळे तिप्पट झालं तरी बहुतेकांना तो होत नाही. हातांची थरथर किंवा चालण्यातला संथपणा टिकून राहिला तर दाखवावं, एवढं पुरे.

आणि तो घसरलाच, तर घरात काय बघायचं. अंग तापलेलं, कातडी भाजल्यासारखी गरम, माणूस बेभान: ही तातडीची वेळ आहे. ४० अंशांच्या वर ताप गेला की स्नायू विरघळू लागतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. रुग्णवाहिका बोलवा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी आणि पंख्याचा वारा द्या. पॅरासिटामॉल इथे चालत नाही, कारण हा ताप मेंदूच्या तापमान-नियंत्रकाने चढवलेला नसतो, स्नायूंत पेटलेल्या आगीचा असतो. त्याला दोरीने किंवा चादरीने करकचून बांधू नका. धडपडीने ताप आणखी वाढतो. रुग्णालयात लोराझेपाम किंवा डायझेपाम देऊन आधी शांत करतात. अचानक फुटेल असं डोकं दुखणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं ही मेंदूत रक्तस्राव झाल्याची लक्षणं असू शकतात, तरुणपणीही. छातीत दुखलं तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. श्वास मंद आणि ओठ निळे दिसले, तर मेथमध्ये फेंटॅनिल हे अफूसारखं जहाल औषध मिसळलेलं असण्याची शक्यता धरा आणि त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन, असेल तर द्या. मेथवर त्याचा परिणाम होत नाही, पण श्वास परत येऊ शकतो. किती आणि कधी घेतलं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि तो परत आला की दिवस शून्यापासून मोजायला लावू नका: आधीच्या ४२ दिवसांत झालेली सुधारणा एका रात्रीत सगळी जात नाही.